गाण्याचा सातबारा

अमेरिकेत सर्वाधिक खपलेला म्हणून आज ज्या अल्बमची नोंद आहे, तो अल्बम म्हणून कुणी रचलेलाच नव्हता. ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’ हे ईगल्स या अमेरिकी रॉक बँडच्या दहा गाण्यांचं संकलन फेब्रुवारी १९७६ मध्ये आलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ते ३८ वेळा प्लॅटिनम ठरलं; एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती. विक्री आणि स्ट्रीमिंग एकत्र धरून ३ कोटी ८० लाख प्रतींचा हा हिशेब. गाणी निवडताना बँडला कुणी विचारलं नव्हतं. बँडचा गायक-ड्रमर डॉन हेन्ली याची तक्रार होती की कंपनीला विकायला फक्त माल हवा होता, आणि त्यासाठी १९७३ च्या ‘डेस्पराडो’मधली गाणी त्या अल्बमच्या कथासूत्रातून उपटून इथे लावली गेली. बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं तर यात नाहीच. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आलं डिसेंबर १९७६ मध्ये, म्हणजे संकलनानंतर दहा महिन्यांनी. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हटल्यावर ते असणारच, असं धरून चालणाऱ्याची फसगत ठरलेली.

तेव्हापासून हा धंदा वाढतच गेला. क्वीन या ब्रिटिश बँडचं १९८१ चं ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ब्रिटनमधलं सर्वाधिक खपलेलं संकलन. त्यानंतर १९९१ मध्ये दुसरा भाग, १९९९ मध्ये तिसरा, २००० मध्ये तिन्ही एका पेटीत, २००९ मध्ये ‘ॲब्सोल्यूट ग्रेटेस्ट’, २०१४ मध्ये ‘क्वीन फॉरेव्हर’. अमेरिकेसाठी वेगळ्या काढलेल्या आवृत्त्या यात धरलेल्याच नाहीत. सांगलीतल्या एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाने मोबाइलवर पहिल्यांदा हे नाव शोधलं, तर त्याच्यापुढे तीच ती गाणी सात-आठ वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली येतात. त्यातलं मूळ कोणतं, कापलेलं कोणतं, नव्याने मिश्रण केलेलं (आवाज आणि वाद्यं पुन्हा जुळवलेलं) कोणतं, हे सांगणारी ओळ बहुतेक ठिकाणी नसते.

संकलनं काढूच नयेत, असं म्हणणं नाही. मागणी एवढीच की संकलनातल्या प्रत्येक गाण्यासोबत त्याची नोंद (मूळ वर्ष, मूळ अल्बम, आवृत्ती) ऐकणाऱ्याला मिळालीच पाहिजे, आणि भारतात तरी ती कायद्याने बंधनकारक असली पाहिजे. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. कॉपीराइट कायद्यात एक कलम चाळीस वर्षांपासून आहे, ते आजच्या बाजाराला लागेल असं दुरुस्त करायचं आहे. त्याआधी हा पूर कुठून येतो, ते पाहू.

रोलिंग स्टोन्सचा डेक्का कंपनीशी असलेला करार १९७० मध्ये संपला आणि बँडने स्वतःची कंपनी काढली. १९६० च्या दशकातली गाणी मात्र मागेच राहिली. त्यांचे हक्क बँडचा माजी व्यवस्थापक ॲलन क्लाइन याच्या ॲबको कंपनीकडे गेले. १९७१ मध्ये डेक्काने ‘स्टोन एज’ हे संकलन काढलं, तेव्हा बँडने संगीताच्या साप्ताहिकांत जाहिरात देऊन लोकांना सावध केलं: हे निघणार आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, गाण्यांची निवड आणि मुखपृष्ठ दोन्ही आमच्या दर्जाला उतरत नाहीत. डेक्का थांबली नाही. त्याच वर्षी ‘गिमी शेल्टर’, १९७२ मध्ये ‘माइलस्टोन्स’, १९७३ मध्ये ‘नो स्टोन अनटर्न्ड’. अमेरिकेत क्लाइनने डिसेंबर १९७१ मध्ये ‘हॉट रॉक्स’ काढलं आणि ते आजही विकलं जातं. दोन्ही कालखंडांतली गाणी एकत्र यायला २००२ उजाडावं लागलं. ‘फॉर्टी लिक्स’मध्ये ४० गाणी होती, त्यांतली ३६ जुनी आणि चार नवी. त्या चार गाण्यांसाठी जुन्या चाहत्याने आधीच घरात असलेली ३६ गाणी पुन्हा विकत घेतली. २०१२ च्या ‘ग्रर्र!’मध्ये हेच झालं: नवी गाणी दोन, आणि आवृत्त्या ४०, ५० आणि ८० गाण्यांच्या.

यामागचा हिशेब सरळ आहे. नव्या अल्बमला स्टुडिओचं भाडं, निर्माता, ध्वनिअभियंता आणि काही महिने लागतात, आणि एवढं करून तो चालेल याची खात्री नसते. संकलनाला लागणारी टेप कंपनीच्या कपाटात असते, तिचा खर्च कधीच वसूल झालेला असतो. मुखपृष्ठ, मास्टरिंगचे (प्रती काढण्याआधी आवाजाची शेवटची जुळणी) काही दिवस आणि जाहिरात, बस्स. करार संपत आला किंवा बँड दुसरीकडे गेला की जुनी कंपनी घाई करते, कारण नवीन कंपनी बँडची जी जाहिरात करणार तिचा फायदा जुन्या गाण्यांनाही मिळतो. स्वस्त मालिकेत काढलेल्या संकलनांवर कलाकाराचा रॉयल्टीचा दर बहुधा कमी असतो, तेही कंपनीच्या पथ्यावर पडतं. आता तर बँडांच्या मुद्रणांचा संपूर्ण साठाच विकला जातो. पिंक फ्लॉइडने २०२४ मध्ये आपली ध्वनिमुद्रणं सोनीला विकली आणि किंमत ४० कोटी डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. एवढी रक्कम घालणारा ती वसूल करणार, आणि वसुलीचा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग म्हणजे तीच गाणी नव्या नावाने पुन्हा काढणं.

कायद्यामुळेही संकलनं जन्माला येतात, हे फारसं बोललं जात नाही. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क २०१३ पर्यंत ५० वर्षांचा होता, तो ७० झाला. पण ५० वर्षांत प्रसिद्धच न केलेल्या मुद्रणाला ही वाढ मिळत नाही. मग डिसेंबर २०१३ मध्ये बीटल्सची १९६३ मधली ५९ अप्रसिद्ध मुद्रणं फक्त डाउनलोडसाठी घाईने बाहेर आली. ऐकणाऱ्याची सोय हा त्यामागचा विचार नव्हता. हक्क जाऊ नये म्हणून ती काढली गेली.

आता बिघडतं काय, ते तपशिलात पाहायला हवं, कारण ‘गाणं तेच तर आहे’ हा समज तिथेच मोडतो.

पहिलं म्हणजे कापणं. पिंक फ्लॉइडच्या २००१ च्या ‘एकोज’ या संकलनात ज्या गाण्यावरून त्याचं नाव ठेवलं, तेच गाणं कापलेलं आहे. मूळ साडेतेवीस मिनिटांचं, इथे साडेसोळा. शिवाय सगळी गाणी एकातून दुसऱ्यात मिसळलेली, त्यामुळे एक गाणं वेगळं काढून ऐकायला गेलं की सुरुवातीला आधीच्या गाण्याचं शेपूट येतं. निदान हे काम जाणकार अभियंत्याने, बँडच्या संमतीने केलेलं होतं. जेथ्रो टल या बँडच्या १९७२ च्या ‘थिक ॲज अ ब्रिक’चा संपूर्ण अल्बम म्हणजे एकच रचना, १९७६ च्या संकलनात तिचा सुरुवातीचा तुकडा आला. तो तुकडा गोड आहे. पण पुढे चाळीसेक मिनिटांत तेच सूर किती रूपं घेऊन परत येतात, याचा पत्ता त्यात लागत नाही.

एलपीच्या जमान्यात कापण्याला तांत्रिक कारणही होतं. बारा इंची तबकडीची एक बाजू १८ ते २२ मिनिटांची असली की खोबणीला पुरेशी रुंदी मिळते. के-टेलसारख्या कंपन्या टीव्हीवर जाहिरात करून वीस-वीस गाण्यांच्या तबकड्या विकत. दहा गाणी एका बाजूला म्हणजे अर्धा तास. मग दोनच उपाय उरतात: आवाजाची पातळी आणि खर्ज कमी करून खोबण्या जवळजवळ कोरायच्या, किंवा गाण्यातली कडवी, सोलो आणि शेवट छाटायचा. बहुतेक वेळा दोन्ही होई. सीडी आल्यावर ही अडचण संपली, ८० मिनिटांपर्यंत जागा मिळाली. पण रेडिओसाठी आधीच छाटलेल्या आवृत्त्या संकलनांत तशाच राहिल्या. क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ची सिंगलसाठी (गाण्याच्या सुट्या छोट्या तबकडीसाठी) छोटी केलेली आवृत्ती आहे. ज्याने १९७८ चा मूळ अल्बम ऐकलेलाच नाही, त्याला हे कळणार कसं?

दुसरी गोष्ट पुन्हा मुद्रित केलेली गाणी. १९८१ मध्ये पिंक फ्लॉइडच्या संकलनासाठी ‘मनी’ हवं होतं, पण अमेरिकेत त्याचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते आणि तिने ते दिलं नाही. डेव्हिड गिलमोरने ते गाणं जवळजवळ एकट्याने पुन्हा वाजवून मुद्रित केलं. २०१२ मध्ये डेफ लेपर्डने रॉयल्टीच्या वादामुळे आपलीच दोन गाजलेली गाणी पुन्हा मुद्रित करून डाउनलोडला दिली, आणि ती नवी मुद्रणं असल्याचं त्यांनी उघड सांगितलं. बँडने हक्कासाठी असं केलं तर त्यात गैर काही नाही. गैर होतं ते स्वस्त संकलनांत. चाळीस वर्षांनी, मूळ पाचांतला एकच जण उरलेला असताना मुद्रित केलेलं गाणं जुन्या फोटोखाली विकलं जातं, आणि ‘मूळ कलाकारांनी पुन्हा मुद्रित केलेले’ ही ओळ भिंग घेऊन शोधावी लागते. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. १९८० च्या दशकात मूळ गायकाच्या ऐवजी दुसऱ्याकडून गाऊन घेतलेल्या ‘व्हर्जन’ कॅसेटी इथे पेठापेठांत विकल्या गेल्या. त्या अनुभवानंतरच २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात कलम ३१-क आलं: अशी आवृत्ती मूळ मुद्रणानंतर पाच वर्षांनीच काढता येते, ती तशी असल्याचं वेष्टनावर लिहावं लागतं आणि वेष्टन दिशाभूल करणारं चालत नाही.

तिसरं, आणि कानाला सर्वांत जास्त छळणारं, म्हणजे मास्टरिंग. १९६८ चं गाणं आणि १९८५ चं गाणं एकापाठोपाठ लावायचं तर दोघांची पातळी जुळवावी लागते. हे जपून करता येतं, तसंच लिमिटर (आवाजाचे उंच फटके दाबणारं साधन) लावून सगळंच छतापर्यंत फुगवूनही करता येतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दुसरा मार्ग वाढला. परिणाम ड्रमवर आधी दिसतो. स्नेअर या ड्रमचा फटका बाकीच्या वाद्यांच्या वर उठायचा तो त्यांच्याच पातळीत दबतो, हळू कडवं आणि जोरकस धृपद सारख्याच आवाजात येतं, आणि चौथ्या गाण्याला कान थकतात. ऐकणाऱ्याला वाटतं बँडच कंटाळवाणा आहे.

चौथी गोष्ट: नाव आणि मुखपृष्ठ तेच, आत माल बदललेला. बीटल्सचं ‘१’ हे २७ गाण्यांचं संकलन नोव्हेंबर २००० मध्ये आलं. २०१५ मध्ये ते पुन्हा आलं, तेव्हा बहुतेक गाण्यांचं स्टिरिओ मिश्रण जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी नव्याने केलेलं होतं. बीटल्सचेच १९७३ चे लाल आणि निळा हे दोन संच मुळात बेकायदा निघालेल्या एका संचाला उत्तर म्हणून आले होते. २०२३ मध्ये त्यांत २१ गाण्यांची भर पडून एकूण ७५ झाली, आणि लाल संचातल्या बऱ्याच गाण्यांतली वाद्यं संगणकाने वेगळी करून पुन्हा मांडली गेली. नवी मिश्रणं चांगली आहेत. पण ‘आमच्याकडे लाल संच आहे’ असं कुणी म्हटलं तर त्याने नेमकं काय ऐकलंय, हे वर्ष विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

चांगलं संकलन कसं असतं, तेही बीटल्सकडेच पाहायला मिळतं. त्या काळी ब्रिटनमध्ये सिंगलवर आलेली गाणी एलपीवर घालायची नाहीत असा त्यांचा शिरस्ता बराचसा होता. १९८७ मध्ये अल्बम सीडीवर आले, तेव्हा ती गाणी बाहेरच राहिली असती. १९८८ च्या ‘पास्ट मास्टर्स’च्या दोन भागांनी ती सगळी कालक्रमाने एकत्र आणली. अल्बमांशेजारी ते दोन भाग ठेवले की संग्रह पुरा होतो, आणि त्यांच्यामुळे एकही मुद्रण दोनदा घ्यावं लागत नाही. द हू या बँडच्या जॉन एन्टविसलने १९७४ मध्ये कपाटात पडून असलेली मुद्रणं निवडून ‘ऑड्स अँड सॉड्स’ केलं. रश या बँडचा २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ इतका फुगवून मास्टर केला होता की वाद्यं फाटल्यासारखी वाजत. २००९ च्या त्यांच्या संकलनात त्यातल्या दोन गाण्यांचं नवं मिश्रण आलं, आणि पुढे २०१३ मध्ये संपूर्ण अल्बमच नव्याने मिश्रित झाला. या तिन्ही ठिकाणी संकलनाने दुसरीकडे न मिळणारं काही दिलं, आणि काय दिलं ते सांगितलं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पन्नास वर्षं जुन्या बँडचे पंधरा अल्बम ऐकायला वेळ कुणाला आहे? आयात केलेल्या सीडीला जिल्ह्याच्या गावी किती पैसे मोजायचे? संकलन हा दरवाजा आहे, त्यातूनच लोक आत येतात. हे खरं आहे. ‘ॲबा गोल्ड’ १९९२ मध्ये आलं आणि २०२१ मध्ये त्याने ब्रिटनच्या यादीत हजार आठवडे पुरे केले. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता त्यांनी ते ऐकलं. पण दरवाजातून आत आलेल्याला पुढची खोली कुठे आहे हे कळायला नको का? गाण्याखाली मूळ अल्बमचं नाव आणि वर्ष असतं, तर आवडलेल्या एका गाण्यावरून माणूस त्या अल्बमपर्यंत पोचतो. नसलं तर तो दुसऱ्या संकलनाकडे जातो. काही बँडांनी हे ओळखून हट्ट धरला. एसी/डीसीने रीतसर ‘ग्रेटेस्ट हिट्स’ कधीच काढलं नाही, आणि अल्बम तोडून विकायचे नाहीत म्हणून नोव्हेंबर २०१२ पर्यंत ते ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातही आले नाहीत. पिंक फ्लॉइडने मार्च २०१० मध्ये लंडनच्या न्यायालयात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध निकाल मिळवला: करारात अल्बमची अखंडता राखण्याची अट आहे, तेव्हा बँडच्या संमतीशिवाय गाणी सुटी विकता येणार नाहीत. नवोदित बँडला असा करार कुणी देत नाही, म्हणून हा प्रश्न कलाकाराच्या ताकदीवर सोडून चालणार नाही.

नोंद मिळेपर्यंत संकलन तपासायचं असेल तर घरबसल्या बरंच करता येतं. आधी गाण्याची लांबी मूळ अल्बमवरच्या लांबीशी ताडून पाहावी. चार-पाच सेकंदांचा फरक दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेचा असू शकतो, वीस सेकंदांच्या पुढे गेला तर काहीतरी कापलेलं किंवा शेवट लवकर विरवलेला आहे. मग मागच्या बाजूला वर्तुळात ‘पी’ असलेलं वर्ष पाहावं. ते ध्वनिमुद्रणाचं, आणि वर्तुळातलं ‘सी’ असलेलं मुखपृष्ठ-मजकुराचं. संकलनांवर पुष्कळदा एकच ‘पी’ वर्ष सगळ्या गाण्यांना मिळून लावलेलं असतं आणि ते संकलनाचंच असतं. सीडीच्या चकचकीत बाजूला मधल्या भोकाभोवती कोरलेला क्रमांक, एलपीवर शेवटच्या खोबणीनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यातला क्रमांक, हे लिहून घ्यावेत, कारण मुखपृष्ठ तेच ठेवून आतली आवृत्ती बदलली की बहुधा हे क्रमांक बदलतात.

दोन सीड्यांवरचं गाणं एकच आहे का, हे ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कळतं. दोन्ही गाणी वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवायची. एमपीथ्री चालत नाही, तिच्यात आकुंचनाचाच फरक दिसतो. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक आणून पहिला ठोका पूर्ण मोठा करून जुळवायचा, एका सॅम्पलचीही (डिजिटल आवाजाच्या सर्वांत लहान तुकड्याची) चूक नको. पातळी सारखी करायची. मग एका ट्रॅकला ‘इन्व्हर्ट’ करून, म्हणजे त्याची लाट उलटी करून, दोन्ही एकत्र वाजवायचे. पूर्ण शांतता आली तर आतला माल तोच, नवीन फक्त वेष्टन. बारीक खरखर किंवा फक्त झांजांची चुरचुर उरली तर टेपवरून उतरवलेलं तेच, मास्टरिंग वेगळं. अख्खं गाणं पोकळ होऊन, सरकत ऐकू आलं तर टेप पुन्हा वाजवून नव्याने उतरवलेली आहे, कारण टेपयंत्राची गती दोन वेळा तंतोतंत सारखी राहत नाही. दोन वेगळे गायक एकत्र गातायत असं वाटलं तर गाणं पुन्हा मुद्रित केलेलं आहे. मास्टरिंग चांगलं की वाईट हे ठरवताना मात्र आधी दोन्ही एकाच मोठेपणावर आणावीत. जे जोरात वाजतं तेच कानाला आधी बरं वाटतं, आणि फुगवलेली आवृत्ती त्याच जोरावर खपते.

सांगलीत हा प्रश्न फक्त रॉक ऐकणाऱ्या थोड्यांचा नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी जिथे ‘सीतास्वयंवर’ केलं, त्या गावात नाट्यसंगीत घरोघर ऐकलं जातं, आणि जुन्या नाट्यपदांचे संच रॉक बँडांच्या संकलनांइतकेच बेवारस असतात. मास्टर दीनानाथांचं एखादं पद संचात असतं. ते कोणत्या साली मुद्रित झालं, तबकडीचा क्रमांक काय, साथीला कोण, काही नसतं. दहा इंची ७८ च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारं पद त्यात बसवण्यासाठी आटोपशीर गायलं गेलं. ही मर्यादा माहीत नसलेल्या नव्या श्रोत्याला वाटतं, पद एवढंच असतं.

मिरजेला तर हे जास्त लागतं. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले, १९३७ मध्ये वारल्यावर तिथेच त्यांचं दफन झालं, आणि १९३० च्या दशकात त्यांनी ओडियन या कंपनीसाठी केलेल्या तबकड्या आज कितीतरी संचांत फिरतात. यांतल्या अनेक संचांत तबकडीची खरखर काढण्यासाठी आवाज ‘स्वच्छ’ केलेला असतो. खरखर आणि तंबोऱ्याचे वरचे स्वर एकाच पट्ट्यात असतात. गाळणी जरा जास्त लागली की मागचा तंबोरा आधी जातो, मग गायकाच्या आवाजाची धार, आणि उरतो तो बंद खोलीतून आल्यासारखा गळा. ज्या गावात सतारमेकर जवारीवर, म्हणजे तारांना गुंजता नाद देणाऱ्या घोडीच्या घडणीवर, तासन्‌तास हात चालवतात, तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवून नाद उघडा करतात, आणि ज्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे जवारी पुसलेलं मुद्रण ‘डिजिटली रिमास्टर्ड’ म्हणून विकलं जावं, ही गोष्ट सहन करण्यासारखी नाही. गतीचा प्रश्नही आहे. जुन्या सगळ्या तबकड्या ७८ लाच कोरलेल्या नव्हत्या. मिनिटाला ७५ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने फिरवली तर पट्टी जवळजवळ दोन-तृतीयांश अर्धस्वराने चढते. मग खाँसाहेबांची पट्टी कोणती, यावर लोक चुकीच्या मुद्रणावरून वाद घालत बसतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत पुस्तकांबरोबर गाण्यांचे संग्रहही भिजले. तबकडी पुरातून वाचते: कोमट, शक्यतो डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ कापड खोबणीच्या दिशेने, मधलं लेबल कोरडं ठेवून, मग उभी करून वाळवायची. गरम पाण्याने एलपी वाकते. ७८ च्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. पण कागदी वेष्टनाचा लगदा होतो आणि सगळी नोंद त्याच कागदावर असते. ज्यांनी नंतर तीच गाणी ऑनलाइन शोधली, त्यांच्या हाती बहुतेक करून नोंद नसलेली संकलनं आली.

शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर मालक, पीक आणि फेरफार क्रमांक दिसतो. गाण्यालाही असा उतारा हवा. त्यावर हे मुद्रण पहिल्यांदा कोणत्या वर्षी, कोणत्या अल्बमवर किंवा सिंगलवर प्रसिद्ध झालं ते असावं. आवृत्ती पूर्ण की कापलेली, मोनो की स्टिरिओ, जुनं मिश्रण की नवं. मास्टरिंग कोणत्या वर्षी आणि कशावरून, मूळ टेप की नक्कल की तबकडी. आणि पुन्हा मुद्रित केलेलं असेल तर केव्हा आणि कोणत्या सदस्यांनी.

कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२-अ १९८४ पासून आहे. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना ते तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचं वर्ष मुद्रणावर आणि वेष्टनावर दाखवलं पाहिजे, असं ते सांगतं. मोडल्यास कलम ६८-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हे कलम कॅसेटींच्या चोरीला आळा घालण्यासाठी आलं, म्हणून त्याची भाषा वस्तूची आणि वेष्टनाची आहे. मोबाइलवरच्या गाण्याला वेष्टनच नसतं. आणि वीस गाण्यांच्या संचात ‘प्रथम प्रसिद्धीचं वर्ष’ कोणाचं, प्रत्येक गाण्याचं की संचाचं, हे सोयीने ठरवलं जातं. दुरुस्ती दोन ओळींची आहे: संकलनात वर्ष आणि आवृत्ती गाणेवार द्यावी, आणि वेष्टन नसेल तिथे ती गाण्याच्या पडद्यावर दिसावी. कंपन्या म्हणतील, एवढी माहिती ठेवणं जड आहे. ती त्यांच्याकडे असतेच. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो, रॉयल्टीचा हिशेब मुद्रणागणिक होतो, आणि कापलेल्या आवृत्तीला वेगळा क्रमांक द्यावा असाच या पद्धतीचा नियम आहे. पैसे वाटताना वापरली जाणारी माहिती पैसे देणाऱ्यापासून लपवण्याचं कारण नाही.

एक अडचण उरते ती जुन्या तबकड्यांची. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६५ पर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणं १ जानेवारी २०२६ पासून या हक्कातून मोकळी झाली, शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. म्हणजे खाँसाहेबांची किंवा दीनानाथांची तबकडी आज कुणीही काढू शकतो, आणि मालकच नसल्यामुळे नोंद विचारायची कुणाला, हा प्रश्न येतो. ती जबाबदारी संच काढणाऱ्याची धरावी. तबकडी त्याने हातात घेतलेली असते, लेबलवरचा आणि कोरलेला क्रमांक त्याच्या डोळ्यांसमोर असतो, किती गतीने फिरवली आणि कोणती गाळणी लावली हे त्यानेच ठरवलेलं असतं. त्याने तबकडी न पाहता दुसऱ्याच्या संचावरून उतरवून घेतलं असेल, तर तसंही त्याने लिहावं.